दोन उभ्या, दोन आडव्या

"जागं पोर रडी, चावी, काहीबी करी, पन निजेल पोरनं माले भ्याव वाटस," असं झुंबरबाई एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती मुकादमाला, आणि तेही पोरं सांभाळायच्या कामावर लागली त्याच दिवशी. धुळ्याच्या बाहेर, पांझरेच्या अंगाला एक जिनिंग फॅक्टरी होती. सगळे तिला नुसतं जीन म्हणत. दसरा झाला की जीन सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत धडधडत राहायचा. यंत्रांच्या रांगेपुढे बसून बाया कापूस लावायच्या, एका बाजूने रुई उडायची, दुसऱ्या बाजूने सरकी गळायची. बायांची लहान पोरं मागच्या पत्र्याच्या खोलीत असायची. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एखादी बाई असावी असं वरून कुणी तरी ठरवलं, आणि खोकल्यामुळे रुईत बसणं जिला जमेना ती झुंबरबाई त्या खोलीत गेली.

लीलाधर मुकादम भुसावळकडचा. हसरा माणूस होता. तो म्हणाला, "अक्का, लोक जाग्या पोरांना भितात, तुझं उलटंच. अगं, निजलेली पोरं सांभाळायची म्हणजे बसल्या जागी पगार."

बसल्या जागी हेच तर तिचं दुखणं होतं. झुंबरबाई बसत नसे. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात तिचा नवरा लकव्याने आडवा पडला आणि वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. आधी त्याचे डोळे हलत, मग तेही हलेनासे झाले. ती दिवसातून कितीदा तरी त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहायची. तो गेला, मूल नव्हतं, दिराच्या घरात तिच्यापुरती जागा उरली नाही. ती धुळ्याला आली ती सवय घेऊन. चार माणसं बसलेली असली तर ही उभी, उभी असली तर ही चालती. "अक्काना पायले मुंग्या लागेल शेत," असं जिनातल्या बाया म्हणत.

त्या खोलीत ती पहिल्यांदा शिरली तेव्हा पोरं सरकीच्या पोत्यांसारखी ओळीने पडली होती. भर सकाळ होती. बाहेर यंत्रांचा धडधडाट, पत्रा थरथरतोय, आणि एकही पोर कूस बदलत नव्हतं. झुंबरबाई खाली वाकली आणि एकेका नाकाखाली बोट धरत सगळी ओळ फिरली. शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्यात गुपित काही नव्हतं. कामावर येताना प्रत्येक आई मोहरीएवढी अफू बोटावर घेऊन पोराच्या तोंडात टाळूला लावायची. तिच्या आईने तेच केलं होतं, सासूने तेच केलं होतं. अफू न देणारी आई म्हणजे पोराला रडत ठेवणारी आई. झुंबरबाईने बोलून पाहिलं, तर मंजुळाबाई फट्कन म्हणाली, "अक्का, तो जागा ऱ्हायना ते मी काय कापूस लावू, का त्याले लावू?" बाया हसल्या. ताईबाई नावाची एक जहाल जिभेची बाई होती, तिने शेपूट जोडलं, "ज्यानं पोट पिकेल नही, त्याले पोरसनी झोप कशी समजी?"

झुंबरबाई खोलीत येरझाऱ्या घालत राहिली.

पहिलं पोर जागं राहिलं ते चुकून. ताईबाईची अफूची डबी घरी राहिली आणि तिची दीड वर्षांची पोरगी दिवसभर जागी, म्हणजे दिवसभर किंचाळती. झुंबरबाईने तिच्यापुढे एक पितळी वाटी आणि एक फुटका माठ ठेवला, शेजारी सरकीचा ढीग ओतला आणि आपली चालू लागली. फेरी मारून परत आली तर पोरगी गप्प. वाटीने सरकी माठात टाकतेय, माठ आडवा करून ओततेय, पुन्हा भरतेय. तोंडातून लाळ गळत होती, कपाळावर आठी होती, जणू सगळ्या जिनाचा हिशेब तिच्याच डोक्यावर. संध्याकाळी आईला घट्ट बिलगून गेली आणि रात्री आपली आपण झोपली. दुसऱ्या दिवशी ताईबाई डबी घेऊन आली, पण ती कनवटीलाच राहिली. तिने जिभेला मुरड घातली नाही, एवढंच. "मन्ही पोर आते सरकीना व्यापारी व्हयनी," असं सगळ्यांना सांगत सुटली.

मग एकीचं पाहून दुसरीने केलं. खोलीत वस्तू साचू लागल्या. बाया डोक्यावर पाट्या वाहतात त्याखाली कापडाची चुंबळ असते. जुन्या झालेल्या चुंबळी झुंबरबाईने मागून घेतल्या. पोरं त्या एकावर एक ठेवायची. मऊ असल्यामुळे ठेवल्या की राहायच्या, आणि नुकत्या बसायला लागलेल्या पोरालाही ते जमायचं. मग विटांचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे आले. ते पडायचे. पडले की आवाज व्हायचा, आवाज झाला की पोर दचकायचं, मग हसायचं, मग मुद्दाम पाडायचं. जिनाचा सुतार चुडामण लाकडाचे उरलेले तुकडे फेकायचा, ते ती पदरात घेऊन यायची. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, वीतभर तोडून तिने त्यांचा भारा कोपऱ्यात ठेवला.

ती पोरांना रचून दाखवत नसे. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. तिला तेवढा वेळ बसवत नसे, इतकंच. ती वस्तू पुढ्यात टाकायची आणि फिरायला लागायची, आणि पोरांना आपलं आपणच काय ते करावं लागायचं. कुणी रडलं तर म्हणायची, "पडनं? मंग ठेव परत." कुणी वीट दुसऱ्याच्या डोक्यात घातली तर धपाटा. लाडीगोडी नाही, अंगाई नाही. पण तिची सावली खोलीतून सारखी जात-येत असायची, आणि पोरं त्या सावलीला धरून खेळायची.

मंजुळाबाईचा झुलाल मात्र तसाच निजलेला. दोन वर्षं उलटून गेली होती तरी उभा राहत नव्हता. अंगावर पीत होता तेव्हापासून अफूवर. मान एका बाजूला, हात कणकेच्या गोळ्यासारखे. मंजुळाबाई सगळ्यांत शेवटी तयार झाली, तीही बाकीच्या पोरांना पाहून आतून जळू लागली म्हणून. एका सकाळी पोर झुंबरबाईच्या हातात देऊन म्हणाली, "आज दिधी नही. मरना ते तुमना माथे."

तो मेला नाही, पण ते दिवस वाईट गेले. झुलाल ओकायचा, अंग ताठ करायचा, ओरडून निळा पडायचा. त्याला खाली ठेवता येत नव्हतं. तिथे झुंबरबाईची अस्वस्थता कामाला आली. ती त्याला खांद्यावर टाकून चालायची. खोलीतून अंगणात, अंगणातून कोठारापर्यंत, परत. दुसरी कुणी असती तर थकून डबी उघडली असती. ही थकतच नव्हती. ही थांबली की हिलाच धाप लागायची.

पंधरवड्याने तो खाली बसला. बसला आणि पऱ्हाट्यांकडे पाहत राहिला.

काडी गोल असते. काडीवर काडी ठेवली की घरंगळते. झुलालने ठेवली, घरंगळली. पुन्हा ठेवली, पुन्हा गेली. इतर पोरं कंटाळून विटांकडे वळायची, हा वळला नाही. दिवसचे दिवस तो तेच करत राहिला, चिडचिड करत, काड्या चावत, फेकत, रांगत जाऊन परत आणत. आणि एक दिवस झुंबरबाई फेरी मारून आली तर त्याच्यापुढे दोन काड्या शेजारी शेजारी होत्या आणि त्यांच्यावर दोन काड्या आडव्या. त्या घरंगळत नव्हत्या. झुलाल त्यांच्याकडे असा पाहत होता, जणू कुणी तरी त्याला हाक मारली असावी.

"आखो," तो म्हणाला.

आखो म्हणजे आणखी. त्या पोराचा तो पहिला शब्द. झुंबरबाई त्या दिवशी बसली. भारा ओढून तिने एकेक काडी त्याच्या हातात दिली. दोन उभ्या, दोन आडव्या. पुन्हा दोन उभ्या, दोन आडव्या. रचना वर चढत गेली, त्याच्या छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत, मग बसून हात पोचेना. झुलालने भिंत धरली, ढुंगण उचललं, पाय थरथरले, आणि वरची काडी ठेवायला तो उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीत मंजुळाबाई आली तेव्हा तो पुन्हा तेच करून दाखवत होता. ती दारातच खाली बसली. तिच्या केसांत, भुवयांत रुई होती, आणि त्या पांढऱ्या तोंडाने ती रडत होती की हसत होती ते कळेना. ताईबाई म्हणाली, "ऊठ वो माय, पोऱ्या उभा ऱ्हायना ते तू बठी गयी!"

त्यानंतर सगळ्याच पोरांनी ती तऱ्हा उचलली. कुणी त्यात सरकी भरून कोठार म्हणायचं, कुणी वर चुंबळ ठेवून छप्पर करायचं. संध्याकाळी खोली झाडताना झुंबरबाईला जागोजागी त्या जाळीदार रचना दिसायच्या, घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या. त्या मोडायला तिचा हात उचलत नसे.

झुलाल घरीही तेच करू लागला. घरात त्याचा आजा होता, रुपचंद आबा. दम्याने बेजार, खाटेवरच असायचा. चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्या झुलाल ओढून आणायचा आणि खाटेच्या पायाशी बसायचा. आबा वरून काड्या मोडून द्यायचा. मंजुळाबाईने हे सारं झुंबरबाईला हौसेने सांगितलं होतं. "आबा बोलतस, मना नातू मनासाठे माडी बांधी ऱ्हायना. मी वर चढसू आनि तठून बठ्ठं धुळं देखसू." सांगताना ती सासऱ्याची दम लागलेली बोली काढून दाखवायची आणि दोघी हसायच्या.

पौषात थंडी वाढली आणि रुपचंद आबा गेला.

आमच्याकडे बाया मसणात जात नाहीत. तिरडी दारातून उठली की त्यांचं रडणं उंबऱ्यावर थांबतं, पुढचं पुरुषांचं. पांझरेच्या काठी लाकडं रचायला मंजुळाबाईचा नवरा भटू वाकला. खाली दोन मोठी लाकडं लावली, त्यांच्यावर आडवी घातली, पुन्हा उभी, पुन्हा आडवी. आणि त्याचे हात थांबले. लोकांना वाटलं, बापाच्या दुःखाने थांबले. तो घरी आला, अंघोळ केली, आणि आईला म्हणाला, "झुल्या आबाना खाटलापासे हाईच रचे. असंच. सरन रचे तो."

त्याची आई भागाबाई. तिने छाती बडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी जिनात यंत्रांच्या धडधडाटातही ती गोष्ट एका कानातून दुसऱ्या कानात गेली. सुट्टीत बाया खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. आत त्यांची पोरं बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात दोन उभ्या, दोन आडव्या.

झुंबरबाईचा चटका वेगळाच होता. तिने जन्मात सरण पाहिलं नव्हतं. त्या बायांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. नवऱ्याला नेलं तेव्हा ती उंबऱ्यात होती. त्याला कशावर ठेवला, लाकडं कशी होती, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. आता पोरांच्या रचना पाहताना तिला त्यांच्यावर तो दिसू लागला, हलेनासे झालेले डोळे उघडे ठेवून. ती उठली, खोलीभर फिरली, बाहेर गेली, आत आली. शेवटी चुडामण सुताराच्या छपरीत गेली.

"चुडामणभाऊ, खरं सांग. सरन असंच ऱ्हास?"

चुडामणने रंधा थांबवला. "असंच राहतं, अक्का. अन् माझी ही लाकडं बघ, तीपण तशीच. वखारीत जा, तिथंही तशीच. लाकूड दुसरं कसं रचणार? खालून वारा खेळला पाहिजे, वरून गडगडलं नाही पाहिजे."

"हाई बायास्ले सांग ना मंग."

त्याने पुन्हा रंधा हातात घेतला. "मी सांगितलं तर उद्या माझ्या रंध्यालाही कुणी शिवणार नाही. घरात माणूस गेलंय, अक्का. तिथं सुताराचं कोण ऐकतं?"

परत येऊन तिने पऱ्हाट्यांचा भारा उचलला आणि कोठारामागे टाकला. लाकडाचे तुकडेही टाकले. चुंबळी तेवढ्या ठेवल्या. झुलालने त्या दूर ढकलल्या. रडला. मग केरसुणीपाशी गेला, तिच्यातून काड्या उपसल्या, दोन खाली ठेवल्या, दोन आडव्या ठेवल्या आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "आखो."

तिने काडी दिली नाही, आणि समोरची उचललीही नाही.

आबाचे दिवस झाले आणि भागाबाई स्वतः जिनात आली. जेवणाची सुट्टी झाली होती. सोबत मंजुळाबाई, मागे बाया, पुढे लीलाधर मुकादम. आज तो हसत नव्हता.

भागाबाई दारातूनच म्हणाली, "हाई बाई मना घरनं मानूस खाई गयी. सोताना नवरा खाधा, कूस नही फळनी, आते आमना पोरेसले सरन रचाले शिकाडस."

"मी शिकाडं नही," झुंबरबाई म्हणाली. ती फिरत होती. "त्यानं त्यालेच सापडनं. भागाबाई, तू सरन देखेल शे का?"

"मी कसाले देखसू?"

"मीबी देखेल नही. आपू कोनीच देखेल नही. मंग कसाना वरथून भांडतस?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. ताईबाई पुटपुटली, "हाई बी खरं शे." पण तिने पोरगी मात्र कडेवर घेतली होती आणि तिची मूठ आपल्या मुठीत दाबून धरली होती.

झुंबरबाई मंजुळाबाईपुढे येऊन थांबली. "मंजुळा, आबा काय बोलेत? माडी बांधी ऱ्हायना, आसं बोलेत ना? तूच सांगेल शे माले. सांग तुन्ही सासूले."

मंजुळाबाईने पदर पुढे ओढला. सासू शेजारीच उभी होती. घरी नवरा आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता आणि पोराला जवळ घेत नव्हता.

"माले काही याद नही," ती म्हणाली.

झुंबरबाई पुन्हा चालू लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"हे बघ अक्का," लीलाधर म्हणाला, "मला सरणाचं काही कळत नाही अन् माडीचं पण नाही. मला एवढंच कळतं की बाया यंत्रावर बसल्यात अन् डोकं या खोलीत. काल एकीचं बोट जाता जाता वाचलं. पोरं निजली की सगळं निजतं. आधी होतं तसं. तू काम सोडावं असं कुणी म्हणत नाही. तू राहा. डबी तुझ्याजवळ राहील, सकाळी सगळ्यांना तूच लावायची. एका हाताने झालं की कमी-जास्त होत नाही."

"आनि मी नही लाई तर?"

"तर दुसरी कुणी लावील. तू सांग, तू कुठे जाशील?"

ते खरं होतं. गावात दीर, इथे रुईचा खोकला. या खोलीशिवाय तिला पाय फिरवायला जागा नव्हती. झुंबरबाई खिडकीपाशी गेली, परत आली. पोरं मोठ्यांच्या पायांच्या रानात अडकल्यासारखी झाली होती.

"आजपासून सुरू करा," भागाबाई म्हणाली. "मना नातूपासून."

मंजुळाबाई खाली बसली. तिने झुलालला मांडीवर ओढलं आणि कनवटीची डबी काढली. तिने गोळी बोटावर घेतली. झुलालला आधी वाटलं, आई खेळतेय. मग वास आला. त्याने मान फिरवली. बोट पुन्हा ओठांशी आलं तेव्हा त्याने ते हाताने दूर केलं. दोन महिन्यांपूर्वी या हातात बळ नव्हतं. आता त्याने आईचं मनगट धरलं आणि ढकललं, आणि मंजुळाबाईला ते सरळ करता येईना.

"जोर उना बघा याले," कुणी तरी म्हणालं, आणि ते कौतुकाने म्हटलं की भीतीने, ते म्हणणारीलाही कळलं नसावं.

भागाबाईने वाकून नातवाचा एक हात पकडला. दुसरा मोकळा होता. त्या हाताने तो आईच्या बांगड्या ओढत होता, तोंडापुढे आडवा धरत होता, हवेत मारत होता. रडत मात्र नव्हता. ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे झुंबरबाईवर होते.

मंजुळाबाईने वर पाहिलं. तिच्या पापण्यांवरची रुई ओली झाली होती.

"अक्का," ती म्हणाली, "तो दुसरा हात तुम्ही धरा ना. तुमनं आयकस तो."

झुंबरबाईचे पाय थांबले. इतक्या दिवसांत त्या खोलीत ती अशी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. मुकादम वाट पाहत होता, बाया वाट पाहत होत्या. तिने झुलालच्या त्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. मग तिने पदर खोचला, बायांनी आपसूक वाट केली, आणि झुंबरबाई खोलीबाहेर निघून गेली.